सटवाई, कॅल्व्हिन आणि तान्ही बाळे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत ख्रिस्ती धर्मातल्या दैववादावर आलेला लेख वाचला. लेखकाचे म्हणणे थोडक्यात असे, की आपल्याकडे सटवाई बाळाच्या कपाळावर जे लिहून जाते, तेच कॅल्व्हिन या सोळाव्या शतकातल्या प्रॉटेस्टंट धर्मसुधारकाचा देव जगाच्या उत्पत्तीआधी लिहून मोकळा होतो. सटवाईला घरोघर फिरावे तरी लागते. वाक्य चटकदार आहे, मलाही हसू आले. पण मी ख्रिस्ती आहे आणि नोकरीची सगळी वर्षे मिरजेत बाळंतिणींच्या आणि तान्ह्या मुलांच्या वॉर्डात काढली आहेत. म्हणजे सटवाईशीही माझी चांगली ओळख आहे. लेखात या दोघांची गल्लत झाली आहे, म्हणून हे पत्र.

आमच्या वॉर्डात पाचवी पुजायला परवानगी नसे. तरी बाळाची आजी संध्याकाळच्या भेटीच्या वेळेला यायची, पदराआडून वहीचे फाडलेले कोरे पान आणि बॉलपेन काढायची आणि म्हणायची, “सिस्टर, पूजा न्हाई करत, नुसतं उशाशी ठेवते.” मी ठेवू देत असे. पेनाला टोपण आहे ना एवढे बघायचे, नाहीतर सकाळी दुपट्यावर शाई. त्या कागदावर सटवाईने लिहायचे ते या जन्मातले: आयुष्य किती, शाळा किती, लग्न, पोटपाणी.

कॅल्व्हिनपुढचा प्रश्न वेगळा होता. पापी माणसाचे तारण, म्हणजे पापातून सुटका, होते ते कोणामुळे? देवाच्या एकट्याच्या कृपेने, की थोडे देवाने आणि थोडे माणसाने मिळून? कॅल्व्हिनचे उत्तर, देवाच्या एकट्याच्या कृपेने, आणि कोणाला तारायचे ते देवाने आधीच निवडलेले असते. यालाच पूर्वनियुक्ती म्हणतात. हा वाद कॅल्व्हिनच्याही हजारेक वर्षे आधीचा. ब्रिटनमधून रोमला आलेला पेलागियस नावाचा तपस्वी उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टीन याच्या एका प्रार्थनेवर भडकला होता. प्रार्थनेचा आशय असा, की देवा, तू जी आज्ञा करतोस ती पाळायचे बळ तूच दे आणि मग हवी ती आज्ञा कर. पेलागियसचे म्हणणे, अशाने माणूस स्वतः हातपाय कशाला हलवील? ऑगस्टीनचे उत्तर, इच्छाच आजारी आहे, ती बरी झाल्याशिवाय हातपाय हलणार कुठल्या दिशेने? सन ४१८ मध्ये कार्थेजच्या परिषदेने पेलागियसचे मत फेटाळले. मला यात ऑगस्टीन बरोबर वाटतो. ‘उद्यापासून पिणार नाही’ असे मनापासून सांगणारे आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा दाखल होणारे बाप मी बघितले आहेत. ते खोटे बोलत नव्हते.

आता लेखातला मोठा आरोप. सगळे आधीच ठरलेले, मग ख्रिस्ती माणसाने औषधपाणी तरी का करावे? हा प्रश्न कॅल्व्हिनच्या वेळीही लोक विचारत होते आणि त्याने त्याचे उत्तर आपल्या मुख्य ग्रंथात देऊन ठेवले आहे: ज्या देवाने आयुष्याची मर्यादा घातली, त्यानेच ते सांभाळायचे काम आपल्यावर सोपवले, उपायही दिले, तेव्हा उपाय न करणे म्हणजे देवाची इच्छा पाळणे नव्हे. कॅल्व्हिन स्वतः सांधेदुखी आणि मुतखड्याने हैराण असे, हे तो कोरडे बसून लिहीत नव्हता. त्याचा एकुलता एक मुलगा जाक १५४२ मध्ये अपुऱ्या दिवसांचा जन्मला आणि थोड्याच दिवसांत गेला. ही जखम कडू आहे, पण देवही बाप आहे, अशा अर्थाचे त्याने मित्राला लिहिले. आणखी काही स्पष्टीकरण त्याने दिले नाही.

मिरजेचे मिशन हॉस्पिटल १८९४ मध्ये सुरू करणारी अमेरिकन मंडळी प्रेस्बिटेरियन, म्हणजे कॅल्व्हिनचीच परंपरा. ‘सगळे ठरलेले आहे’ म्हणणाऱ्यांनी इथे येऊन ऑपरेशन थिएटर बांधले, याची संगती लेखकाने लावून दाखवावी. भारतात आलेला इंग्रज बॅप्टिस्ट मिशनरी विल्यम कॅरी याचेही तसेच. इंग्लंडमधल्या त्याच्या पंथातले काही पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, म्हणू लागले होते, की निवडलेले आपोआप येतील, बाकीच्यांना हाक मारायचे आपल्याला काय काम? त्याविरुद्ध अँड्र्यू फुलरने १७८५ मध्ये पुस्तक लिहिले आणि १७९२ मध्ये कॅरीने पुस्तिका. दोघेही कॅल्व्हिनमताचेच. कॅरीने पुढे श्रीरामपुरातून (बंगालमधल्या, आपल्या नगर जिल्ह्यातल्या नव्हे) १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण छापले.

याचा अर्थ या मतात काही अवघड नाही असा मुळीच नाही. काहींना निवडले, तर बाकीच्यांचे काय? या ठरावाला कॅल्व्हिनने स्वतः ‘भयंकर’ म्हटले आहे. हॉलंडच्या लायडन विद्यापीठातला प्राध्यापक आर्मिनियस म्हणाला, कोण विश्वास ठेवील हे देवाला आधीच दिसते आणि त्यावरून तो निवडतो. विरोधकांनी विचारले, मग श्रेय कोणाचे? आर्मिनियस १६०९ मध्ये वारला, त्याच्या अनुयायांनी पुढच्या वर्षी पाच कलमे सादर केली आणि डॉर्ट शहरात १६१८-१९ मध्ये भरलेल्या सभेने ती नाकारली. सुमारे २०० पाळकांना काढून टाकले. त्याच राजकारणात वृद्ध मुत्सद्दी ओल्डनबार्नेफेल्ट याचा शिरच्छेद झाला. पंडित ग्रोशियसला जन्मठेप झाली, पण बायकोने त्याला पुस्तकांच्या पेटाऱ्यात घालून किल्ल्याबाहेर काढले! कृपेवरून भांडणाऱ्यांनी एकमेकांना फारशी कृपा दाखवली नाही, हे कबूल. कॅथलिकांकडेही जेझुइट आणि डॉमिनिकन या दोन धर्मसंघांत हाच तंटा होता. पोप पाचवे पॉल यांनी १६०७ मध्ये दोघांना सांगितले, एकमेकांना पाखंडी म्हणू नका, निकाल योग्य वेळी देऊ. तो निकाल अजून प्रलंबित आहे.

मला या साऱ्या भांडणात एकाच ठिकाणी थांबावेसे वाटते, आणि लेखक नेमके तिथेच फिरकले नाहीत. जे मूल विश्वासही ठेवू शकत नाही आणि नाकारूही शकत नाही, त्याचे काय? ऑगस्टीन म्हणाला, बाप्तिस्म्याविना मेलेल्या बाळालाही आदामाच्या पापाची शिक्षा, फक्त सर्वांत सौम्य. इथे ऑगस्टीन मला पटत नाही. हातात बाळ घेऊन ते वाक्य म्हणता येत नाही. डॉर्टच्या सभेवर आरोप झाला होता, की तुमचा देव निष्पाप बाळांना आईच्या छातीवरून ओढून नरकात टाकतो. सभेने समारोपात हा आरोप साफ झिडकारला आणि एका कलमात लिहिले, की देवभीरू आईबापांनी बालपणीच गेलेल्या आपल्या मुलांच्या निवडीविषयी शंका बाळगू नये. पुढे वेस्टमिन्स्टरच्या मतांगीकारात, म्हणजे प्रेस्बिटेरियनांच्या अधिकृत श्रद्धा-निवेदनात, शब्द आले, ‘निवडलेली बालके’ तारली जातात. लोक विचारत राहिले, म्हणजे न निवडलेलीही असतात का? शेवटी १९०३ मध्ये त्याच अमेरिकन प्रेस्बिटेरियन मंडळीने (चर्चने) जाहीर केले, की बालपणी मरण पावलेली सगळीच मुले देवाच्या कृपेच्या निवडीत आहेत असे आम्ही मानतो. म्हणजे मिरजेचे हॉस्पिटल नऊ वर्षांचे झाले तेव्हा. तिकडच्या त्या बैठकीत कोणी आमच्यासारख्या वॉर्डाचा विचार केला असेल का, असे मला वाटून जाते.

त्या कलमाची किंमत मला एका रात्री कळली. सातव्या महिन्यात झालेला मुलगा पहाटे गेला. बाई ख्रिस्तीच होती. सकाळी तिच्या गावचे पाळक आले (नाव-गाव सांगत नाही) आणि व्हरांड्यात उभ्याउभ्या म्हणाले, “हे आधीच नेमलेले होते, रडू नका.” ते गेल्यावर तिने मला विचारले, “सिस्टर, मग काल रात्रभर प्रार्थना करायला कशाला सांगितलं?” मी बोलले नाही. तिचा ब्लाउज दुधाने भिजला होता, छाती आवळून बांधायला कापड आणायला गेले. पाळकांनी वाक्य बायबलच्या जवळपासचेच उचलले होते, पण ते दुसऱ्याच्या दुःखावर ठेवले. प्रेषित पौलाने निवडीचे बोल लिहिले ते बायबलमधल्या इफिसकरांस पत्रात आभार मानताना आणि रोमकरांस पत्रात संकटात धीर देताना, देवाच्या प्रीतीपासून आपल्याला काहीही वेगळे करणार नाही हे सांगण्यासाठी. ‘मला निवडले, माझी लायकी नसताना’ असे माणूस स्वतःपुरते म्हणतो. शेजारणीचे बाळ का गेले, याचा खुलासा म्हणून पौलाने ते लिहिलेले नाही.

आमचे हे पुण्याच्या मेथडिस्ट घराण्यातले, म्हणजे मेथडिस्ट पंथ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीच्या, आर्मिनियसच्या बाजूचे. रविवारी उपासनेहून आल्यावर रस्सा गॅसवर असतानाच आमचे सुरू होई. वेस्लीने १७३९ मध्ये ब्रिस्टलला प्रवचनात सांगितले, की ही पूर्वनियुक्ती मानली तर देव सैतानाहून वाईट ठरतो. त्याचा मित्र व्हाइटफील्डने अमेरिकेतून कडक पत्र लिहून उत्तर दिले. आमचे हे वेस्लीचे प्रवचन म्हणायचे आणि मी व्हाइटफील्डचे पत्र. मात्र १७७० मध्ये व्हाइटफील्ड वारला, तेव्हा लंडनमध्ये त्याच्या स्मरणार्थ प्रवचन वेस्लीनेच केले, तेही व्हाइटफील्डच्याच इच्छेवरून. आणि उत्तर भारतातील मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) नागपुरात २९ नोव्हेंबर १९७० रोजी स्थापन झाली, तिच्यात प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल परंपरेचेही आले आणि ब्रिटिश मेथडिस्टही. पूर्वनियुक्तीवरून कोणाचे अडले नाही. आमच्या ह्यांचे मेथडिस्ट मात्र त्यात सामील झालेच नाहीत, याची आठवण मी त्यांना अधूनमधून करून देते.

शेवटी दोन दुरुस्त्या. एक, ‘कॅल्व्हिनने डॉर्टच्या सभेत पाच सिद्धान्त मांडले’ असे छापले आहे. कॅल्व्हिन १५६४ मध्ये वारला, सभा त्यानंतर चोपन्न वर्षांनी भरली, आणि ते पाच मुद्दे आर्मिनियसच्या अनुयायांच्या पाच कलमांना दिलेले उत्तर आहे. दोन, लेखात पेलागियसला ‘ऑगस्टीनचा शिष्य’ म्हटले आहे. तो शिष्य नव्हता, विरोधक होता. पुढच्या रविवारी दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, मिरज