विंडोजवाल्या गिऱ्हाइकाला लिनक्सच्या फायली कशाला?

संपादक महोदय,

पतसंस्था, दूधसंस्था, मेडिकल दुकाने यांच्यासाठी डॉटनेटवर (मायक्रोसॉफ्टच्या सॉफ्टवेअर-प्रणालीवर) सॉफ्टवेअर बनवणारे अनेक छोटे व्यावसायिक राज्यात आहेत. त्यांची गिऱ्हाइके बहुतेक विंडोजवरच. तरीही अपडेटची झिप उघडली की आत ‘रनटाइम्स’ नावाचा फोल्डर निघतो आणि त्यात लिनक्स, मॅक, एआरएम (वेगळ्या जातीचे प्रोसेसर) अशा सगळ्यांच्या फायली भरलेल्या असतात. एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस वापरला असेल तर हमखास. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर अपडेट उतरवणाऱ्या संस्थेच्या माथी हे ओझे मारू नये.

गिऱ्हाइकाला द्यायच्या फायली तयार करणाऱ्या ‘डॉटनेट पब्लिश’ या कमांडला प्लॅटफॉर्म सांगितला नाही, तर ते कुठेही चालेल असे आउटपुट देते. प्रोजेक्ट फाइलमध्ये रनटाइमआयडेंटिफायर (प्लॅटफॉर्म सांगणारी ओळ) ‘विन-एक्स64’, म्हणजे 64-बिट विंडोज, आणि सेल्फकंटेन्ड ‘फॉल्स’ लिहिले की तो फोल्डर जातो आणि लागणारी तेवढीच डीएलएल (प्रोग्रॅमची जोडफाइल) ईएक्सई या मुख्य फाइलच्या शेजारी येऊन बसते. गफलत होते ती इथेच. शेवटी ‘एस’ लागून ‘रनटाइमआयडेंटिफायर्स’ झाले तर काहीच गाळले जात नाही. सेल्फकंटेन्डची ओळ लिहायची राहिली, तर डॉटनेट 6 किंवा 7 च्या प्रोजेक्टात अख्खा रनटाइम (प्रोग्रॅम चालवायला लागणारा डॉटनेटचा भाग) सोबत येतो आणि आकार घटायचा सोडून कित्येक एमबींनी फुगतो. डॉटनेट 8 पासून हे बदलले आहे, तरी ओळ लिहावीच.

पब्लिशचा जुना फोल्डर आधी रिकामा करावा. पब्लिश आधीच्या फायली स्वतःहून पुसत नाही. सेटिंग बरोबर असूनही ‘रनटाइम्स’ तिथेच दिसतो आणि माणूस चक्रावतो. तो फोल्डर हाताने उडवणे हा मात्र उपाय नव्हे. प्लॅटफॉर्म न सांगता केलेल्या पब्लिशमध्ये विंडोजची डीएलएलही त्यातच असते, ती गेली की प्रोग्रॅम बंद.

सगळ्यात जपायचे ते 32-बिटचे. अंगठ्याच्या मशीनची किंवा वजनकाट्याची डीएलएल बऱ्याचदा फक्त 32-बिट मिळते. 64-बिट प्रोग्रॅममध्ये ती लोड होत नाही, ‘बॅडइमेजफॉरमॅट’ची एरर येते. अशा ठिकाणी ‘विन-एक्स86’, म्हणजे 32-बिट, निवडावे. मग विंडोज 64-बिट असले तरी त्या संगणकावर डॉटनेटचा 32-बिट रनटाइमच बसवावा लागतो. गिऱ्हाइकाकडे काय जोडलेले आहे हे पब्लिश करण्याआधी विचारावे, ते याचसाठी.

जर्मन, जपानी, तुर्की अशा भाषांचे फोल्डरही नको असतील तर प्रोजेक्ट फाइलमध्ये सॅटेलाइटरिसोर्सलँग्वेजेस ‘ईएन’ (इंग्रजी) करावे. पण मराठी मजकूर एखाद्या पॅकेजमधून (बाहेरून घेतलेल्या तयार कोडमधून) येत असेल, तर ‘ईएन;एमआर’ लिहायला विसरू नये; नाहीतर मराठीच गायब होईल.

झिपच्या नावातच ‘विन-एक्स64’ किंवा ‘विन-एक्स86’ घालावे, म्हणजे संस्थेतल्या कारकुनाला कोणती उतरवायची ते फोन करून विचारावे लागणार नाही.

– एक सॉफ्टवेअर व्यावसायिक, नाशिक