ती साखर गोळीमुळंच दिसतेय, बाबा

हडपसर, पुणे
५ मे

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

फोनवर तुमच्या किडनीचा आणि गोळ्यांचा विषय काढला की बाबा "बरं, घे, आईशी बोल" म्हणतात आणि फोन आईच्या हातात जातो. म्हणून पत्र. चष्मा लावून शेवटपर्यंत वाचा.

मागच्या महिन्यात आले तेव्हा देवघराखालच्या कप्प्यात तो डबा दिसला. साठ कॅप्सूल, किंमत चौदाशे पन्नास, वर दोन हिरव्यागार किडन्या. सकाळी फिरायला येणाऱ्यांपैकी कुणीतरी दिला म्हणे. मागचा मजकूर इतका बारीक की मोबाइलवर फोटो काढून, मोठा करून वाचला. फॉलिक ॲसिड, बी६, बी१२, सी, डी आणि खाली चार वनस्पती. माणसाला दिवसाला बी१२ लागतं अडीच मायक्रोग्रॅमच्या आसपास, त्या एका कॅप्सूलमध्ये हजार. आणि त्याच डब्याच्या मागं डॉक्टरांनी मधुमेहासाठी दिलेल्या डापाग्लिफ्लोझिनची पट्टी, तीनच गोळ्या फोडलेली.

ती गोळी का सोडलीत, ते कारण आईनं भाकरी थापता थापता हळूच सांगितलं. लघवीच्या रिपोर्टात साखर चार प्लस आली आणि तुम्ही घाबरलात. "आधी नव्हती, ही गोळी सुरू केली आणि आली." बाबा, तुम्ही पाहिलंत ते बरोबर, पण अर्थ उलटा लावलात. ती गोळी तेच करते. किडनी रक्त गाळते तेव्हा साखरही गाळली जाते आणि एरवी पुढं गेल्यावर परत रक्तात ओढली जाते. गोळी हा परतीचा रस्ता अडवते, त्यामुळं साखर लघवीवाटे जाते आणि चाळणीवरचा दाबही उतरतो. गोळी चालू आहे तोवर तिथं प्लस दिसणारच. न दिसले तर उलट डॉक्टर विचारतील, गोळी घेता का म्हणून.

रिपोर्टात बघायचा आकडा वेगळा आहे, लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिनचं प्रमाण. ते ३० च्या खाली हवं, तुमचं ११० आहे. तुम्ही आयुष्य यंत्रमागावर काढलंत. टॉवेल उजेडाकडं धरला की वीण कुठं सैल पडलीय ते तुम्हाला लगेच कळायचं. हा ११० म्हणजे तीच सैल वीण, जे प्रथिन आत राहायला हवं ते निसटतंय. अजून थोडंच, म्हणूनच आत्ता धरायचं. मोठ्या काकांचं डायलिसिस सुरू झालं तेव्हा आठवड्यातून तीनदा त्यांना रिक्षातून नेणारे तुम्हीच होतात. याहून जास्त त्याबद्दल मी लिहीत नाही.

आता तो डबा. तुमचं म्हणणं, "जीवनसत्त्वंच आहेत, जास्त झाली तर लघवीतून जातील." जातील, पण कुणामार्फत? किडनीमार्फतच ना! तिचंच काम मंदावलं की ती साठायला लागतात. मी डॉक्टर नाही, बँकेत व्हाउचर तपासणारी बाई आहे, पण यावर कॅनडात झालेला अभ्यास वाचला. मधुमेहामुळं किडनीला इजा झालेले २३८ जण. निम्म्यांना रोज फॉलिक ॲसिड, बी६ आणि बी१२ चे मोठे डोस, निम्म्यांना नुसती दिखाऊ गोळी. अपेक्षा होती किडनी वाचेल. तीन वर्षांनी जीवनसत्त्वं घेणाऱ्यांची गाळण्याची क्षमता सरासरी मिनिटाला साडेसोळा मिलिलिटरनं उतरली, न घेणाऱ्यांची पावणेअकराच्या आसपास. हार्ट ॲटॅक, पक्षाघात असे प्रकारही घेणाऱ्यांतच जास्त झाले. २०१० साली हे छापून आलं, तरी डब्यावरच्या किडन्या हिरव्याच.

'डी'चंही पाहिलं. अमेरिकेत टाइप २ मधुमेहाच्या १,३१२ जणांवर पाच वर्षं तपासलं, २०१९ मध्ये निकाल आला. किडनीच्या बाबतीत घेतलं काय, न घेतलं काय, फरक पडला नाही. कुणाला कमतरता असेल तर गोष्ट वेगळी. सी भरमसाट घेतलं तर त्याचं ऑक्झलेट होतं आणि खडे होऊ शकतात. लाहोरला ४० जणांना थायामिन, म्हणजे बी१, देऊन लघवीतलं अल्ब्युमिन कमी झालेलं दिसलं होतं, हेही प्रामाणिकपणे सांगते. पण तीन महिने आणि चाळीस माणसं, एवढ्यावर महिना चौदाशे पन्नास घालवायचे का? तुम्ही नमुन्याची एक चादर बघून कधी अख्खा लॉट पास केला नाहीत.

आणि जी गोळी तुम्ही डब्यामागं ढकललीत, तिचा अभ्यास ४,३०४ जणांवर झालाय. २०२० चा. किडनी झपाट्यानं उतरणं, निकामी होणं, किडनीपायी किंवा हृदयविकारापायी मृत्यू, हा सगळा धोका साधारण ३९ टक्क्यांनी कमी झाला. तिचं पेटंट संपल्यामुळं आता ती त्या डब्याहून कितीतरी स्वस्त मिळते.

पण बी१२ चं एक खरं काम तुमच्याकडं असू शकतं. साखरेची दुसरी गोळी, मेटफॉर्मिन, तुम्ही चौदा वर्षं घेताय आणि ती दीर्घकाळ घेतली की बी१२ कमी होऊ शकतं. पायाच्या बोटांना मुंग्या येतात म्हणता ना? ते साखरेमुळंही असेल, याच्यामुळंही. रक्त तपासू. कमी निघालं तर डॉक्टर लिहून देतील तेवढं, तेवढे दिवस.

आई, तुझ्यासाठी दोनच गोष्टी. गुडघा दुखला की बाबा मेडिकलमधून डायक्लोफिनॅक आणतात, ते बंद कर. किडनीला तेही वाईट. आणि शेंगा चटणी बंद नाही, फक्त मीठ निम्मं. बाबांना कळणारही नाही, लसूण वाढव.

डापाग्लिफ्लोझिन मनानं पुन्हा सुरू करू नका, आधी डॉक्टरांना दाखवू. चालू झाल्यावरही जुलाब, उलट्या झाल्या किंवा जेवण गेलं नाही तर त्या दिवशी ती थांबवून लगेच फोन करायचा. सोलापूरच्या मे महिन्यात अंगातलं पाणी आधीच आटलेलं असतं. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं म्हणून पिण्यात काटकसर करताय, हेही मला कळलंय. जार मागवा, पैसे मी देते.

मी शुक्रवारी हुतात्मा एक्सप्रेसनं येतेय. शनिवारी सकाळची पहिली लघवी बाटलीत धरून ठेवा, बाटली मी आणते. डबा टाकू नका, डॉक्टरांना दाखवायचाय.

तुमची,
शुभा

ता. क. आई, डबा जागेवर दिसला नाही तर ज्वारीच्या पिंपात बघ. काकांच्या तंबाखूची डबी तिथंच असायची.