भाषा आईची, मग देव कोणाचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जनगणनेची मुख्य फेरी फेब्रुवारी 2027 मध्ये आहे. सीमाभागात तिचा विषय निघाला की तो एकाच रकान्यापाशी येऊन थांबतो, तो म्हणजे मातृभाषा. ‘मराठीच सांगा’ म्हणून गल्लोगल्ली फिरणारी माणसे आहेत आणि त्यांनी फिरलेच पाहिजे. आम्ही मात्र त्याच तक्त्यातल्या, थोड्या आधी येणाऱ्या धर्माच्या रकान्याबद्दल लिहीत आहोत. 2011 च्या तक्त्यात मातृभाषा हा दहावा प्रश्न होता आणि धर्म हा सातवा.

मातृभाषेची जनगणनेतली व्याख्या सीमाभागातल्या प्रत्येकाला पाठ असायला हवी. लहानपणी आई आपल्याशी जी भाषा बोलत होती, ती मातृभाषा. आई तान्हेपणीच गेली असेल, तर लहानपणी घरात प्रामुख्याने जी बोलली जात होती ती. शाळा कन्नड होती की मराठी, कचेरीत अर्ज कोणत्या भाषेत करता, याचा इथे काही संबंध नाही. धर्माच्या रकान्याला मात्र अशी व्याख्या नाही. माणूस सांगेल तो धर्म प्रगणकाने लिहायचा, वाद घालायचा नाही. थोडक्यात, सरकारच्या लेखी भाषा पाळण्यातून येते आणि धर्म माणूस स्वतःच्या तोंडाने सांगतो.

प्रत्यक्षात दोन्ही एकाच पाळण्यातून येतात. प्यू या संशोधन संस्थेने 2019-20 मध्ये भारतातल्या सुमारे 30 हजार प्रौढांना दोन वेगवेगळे प्रश्न विचारले: तुम्ही कोणत्या धर्मात वाढलात आणि आज कोणता मानता? 98 टक्के लोकांची दोन्ही उत्तरे एकच निघाली. भाषेच्या बाबतीतसुद्धा माणसे इतकी एकनिष्ठ राहत असतील की नाही, शंका आहे.

हे घडते कसे, ते बेळगावच्या एखाद्या जुन्या गल्लीत चार दारे फिरले की कळते. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते. बाळाचे नाव ठरले नसेल तर तो रकाना कोरा ठेवता येतो, वर्षभरात फी न भरता नाव घालता येते. पण त्याच फॉर्मच्या सांख्यिकी भागात धर्म तेव्हाच विचारतात. नावाआधी धर्म! मुसलमानाच्या घरी तोवर बाळाच्या उजव्या कानात अजान आणि डाव्या कानात इकामत म्हणून झालेली असते. लिंगायताच्या घरी जंगमस्वामी येऊन लिंगधारणा करतात आणि मुलाला कळू लागेपर्यंत ते लिंग घरातले मोठे माणूस जपते. दिगंबर जैन घरातले मूल साधारण 45 दिवसांचे झाले की बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, नेतात. तिथे मद्य, मांस, मध यांचा त्याग आईवडील त्याच्या वतीने घेतात आणि ते आठ वर्षांचे होईपर्यंत तो पाळण्याची जबाबदारी त्यांच्यावर असते. खानापूरकडच्या ख्रिस्ती घरात तान्ह्याचा बाप्तिस्मा होतो.

यातले काहीही मुलाला कळत नाही आणि कळावे अशी अपेक्षाही नसते. कळते ते पुढे, आणि तेही अंगवळणी पडून गेल्यावर. जैन मुलाला अहिंसेचे तत्त्व शिकवण्याच्या कितीतरी आधी दिवस मावळायच्या आत जेवायची सवय लागते. पाणी गाळून प्यायचे, बटाटा, कांदा, गाजर ताटात यायचे नाही, हे त्याला नियम म्हणून माहीत नसते, चव म्हणून माहीत असते. बारा-तेराव्या वर्षी कोणी कारण विचारले की ते उत्तर शोधते आणि मग तत्त्व सापडते. सवय आधी आणि कारण नंतर, हा क्रम जवळजवळ सगळीकडे सारखा आहे. पहाटे काकड्याला आजीच्या मांडीवर पेंगणाऱ्या माळकऱ्याच्या नातवाचे तरी दुसरे काय होते?

घर एवढीच पाठशाळा नसते, गल्लीही शिकवते. बेळगाव जिल्ह्यात अशी गावे आहेत जिथे मोहरमचे पंजे हिंदू घरांतली माणसे उचलतात. तिथल्या पोराला पीर ‘दुसऱ्यांचा’ वाटत नाही, तो आपल्या गावाचा असतो. असेच पोर मोठे होऊन नोकरीसाठी पुण्याला गेले की तिथले लोक त्याला विचारतात, ‘तुमच्याकडे असे कसे चालते?’ त्याला हा प्रश्नच कळत नाही.

मराठा घरातली आणखी एक गोष्ट नेहमी नजरेआड होते. कुलदैवत बापाकडून येते. मुलगी लग्नाआधी जोतिबाची असते आणि सासरी यल्लम्मा असेल तर अक्षता पडल्या की यल्लम्माची होते. नैवेद्याचा वार बदलतो, जत्रेची पौर्णिमा बदलते, देव्हाऱ्यातले टाक बदलतात. भाऊ वेगळे झाले की जुने टाक सहसा थोरल्याकडे राहतात आणि धाकटा सोनाराकडून नवे घडवून घेतो. त्या नव्या टाकांवरची त्याच्या मुलांची श्रद्धा मात्र अजिबात नवी नसते. बाईची भक्ती अशी एका दिवसात घर बदलते, आणि याला धर्मांतर म्हणावे असे कोणाच्या मनातही येत नाही.

आता थोडे कठीण उदाहरण, जट. केस दाट असतील, आजारपणात पंधरा-वीस दिवस कंगवा लागला नसेल, तर गळलेले केस आतच अडकून राहतात. त्यात तेल, घाम, धूळ मिसळून गुंता होतो. तो वेळेवर सोडवला नाही की त्याची दोरी होते, मग लोकरीसारखा घट्ट गठ्ठा. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगराला मानणाऱ्या घरात हा गुंता दिसला की ‘आई आली’ म्हणतात, कंगवा बंद होतो, वर भंडारा लावतात आणि त्यामुळे गठ्ठा आणखी घट्ट होतो. शेजारच्या घरातल्या मुलीला हाच गुंता झाला तर तिची आई तिला दोन गुडघ्यांत धरून खोबरेल तेल चोपडते आणि रडारड झाली तरी सोडवूनच सोडते. केस तेच, गुंत्याचे कारण तेच, फरक फक्त उंबऱ्याचा. दूर युरोपात पोलंडमध्येही एके काळी अशा जटा ठेवीत असत. तिथे देवीचा संबंध नव्हता. अंगातला रोग या जटेवाटे बाहेर पडतो आणि ती कापली तर आजार बळावतो, अशी समजूत होती. भीती मात्र अगदी आपल्यासारखीच, कापण्याची.

नवा गुंता असेल तर तेलात भिजवून टोकाकडून बोटांनी सोडवत वर जावे, मुळाकडून ओढू नये. जुनी जट कापावी लागते. कापताना कात्री आणि कातडी यांच्या मध्ये बोट ठेवायचे, कारण आत उवा आणि जखमा असतात आणि कातडी कुठे सुरू होते ते दिसत नाही. जखम असेल तर आधी डॉक्टर. सगळ्यात जास्त बिघडते ते दुसऱ्याच कारणाने: उत्साही मंडळी बाईची संमती न घेता जट कापून टाकतात. मग महिन्याभरात घरात कोणी आजारी पडले की खापर त्या कापलेल्या जटेवर फुटते आणि पुढच्या दहा घरांचे दरवाजे बंद होतात. जट आली म्हणून मुली देवीला सोडल्या गेल्याचा इतिहास याच जिल्ह्याचा आहे. त्यासाठी कर्नाटकाला 1982 मध्ये देवदासी समर्पण बंदीचा कायदा करावा लागला. मुलाच्या वतीने मोठ्यांनी केलेला प्रत्येक संकल्प निरुपद्रवी नसतो, एवढे या एका कायद्यावरून लक्षात यावे.

यावर कोणी म्हणेल, म्हणजे तुम्ही श्रद्धा खोटी म्हणता. तसे नाही. दोन अधिक दोन चार हेही लहानपणी कोणीतरी शिकवलेलेच असते, म्हणून ते खोटे ठरत नाही. तसेच, आजीने सांगितले एवढ्यावरून जट देवीची ठरत नाही. गोष्ट कुठून आली हा एक प्रश्न आणि ती खरी आहे का हा दुसरा.

आपल्या कायद्यालाही हे पाळण्याचे प्रकरण ठाऊक आहे. 1956 च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यात टाकून दिलेल्या, आईबाप अज्ञात असलेल्या मुलाचाही विचार केला आहे. ते हिंदू, बौद्ध, जैन किंवा शीख म्हणून वाढवले गेले असेल तर त्याला हा कायदा लागू होतो. म्हणजे जन्म ठाऊक नसेल तिथे कायदा वाढवणूक पाहतो. राज्यघटनेच्या 28 व्या कलमानुसार मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत अल्पवयीन मुलाला धार्मिक शिक्षणाला बसवायचे तर पालकाची संमती लागते. मुलाची नव्हे, पालकाची.

आणि जन्मगाव? देशात जैन अर्ध्या टक्क्याहून कमी आहेत. बेळगाव जिल्ह्यात 2011 मध्ये ते साडेतीन टक्क्यांहून जास्त होते आणि त्यांतले बहुतेक शेतकरी. हे कोणी वैयक्तिक शोध घेऊन ठरवलेले नाही. पाचव्या शतकात कदंबांनी हलशीला जिनालय उभारले, पुढे रट्ट राजांनी आश्रय दिला, बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती त्यांच्याच काळातली, 1204 ची. आज चिकोडी-निपाणीकडे जैन घरात जन्मलेल्या मुलाच्या ताटात बटाटा का नाही, याचे एक उत्तर आठशे वर्षांपूर्वीच्या त्या राजाश्रयात आहे.

माणसे बदलत नाहीत असे मात्र नाही. बसवण्णांनी जन्माने मिळालेले नाकारले. डॉ. आंबेडकरांनी 1935 मध्ये येवल्याला जाहीर केले आणि 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात करून दाखवले. त्यानंतर अठराच दिवसांनी, 1 नोव्हेंबरला, बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. भाषेची सीमा आणि धर्माची सीमा तीन आठवड्यांच्या आत हलल्या, पण पहिली माणसांना न विचारता हलली आणि दुसरी माणसांनी स्वतः ओलांडली. गंमत अशी की ज्यांनी ती ओलांडली त्यांची नातवंडे आज बौद्ध आहेत ती पाळण्यातूनच. बंड एका पिढीचे असते, पुढच्या पिढीला ते बारशात मिळते. लिंगायतांचेही तसेच झाले.

आता तक्त्याकडे. धर्माच्या रकान्यात चुका होतात त्या ठरावीक आहेत. पहिली चूक ही की प्रगणक घरातल्या कर्त्याला विचारतो आणि खाली सगळ्यांपुढे तेच ओढतो. सूचना अशी आहे की घरातल्या प्रत्येकाचा धर्म वेगळा असू शकतो, म्हणून प्रत्येकाचा विचारायचा. दुसरी, नावावरून धर्म ताडणे. आपल्याकडे आडनावे धर्म ओलांडून जातात, पाटील आणि देसाई किती धर्मांत आहेत ते मोजून पाहा. तिसरी, बौद्ध कुटुंबाने अनुसूचित जात सांगितली की धर्म आपोआप ‘हिंदू’ होतो. 1990 पासून बौद्धांनाही अनुसूचित जातीची नोंद करता येते, त्यामुळे दोन्ही उत्तरे जशी सांगितली तशीच लिहिली पाहिजेत. सहा मुख्य धर्मांपलीकडचे उत्तर असेल तर त्याचे पूर्ण नाव लिहायचे असते, आद्याक्षर नव्हे. धर्म मानत नाही असे कोणी म्हणाले तर तेही तसेच नोंदवायचे. 2011 मध्ये धर्म न सांगितलेल्यांची संख्या देशात सुमारे 29 लाख भरली होती, तेव्हा असे कोणी निघाले तर प्रगणकाने गोंधळण्याचे कारण नाही.

मातृभाषेसाठी घरोघर फिरणाऱ्या कार्यकर्त्यांना म्हणून एक विनंती. दारात उभे राहून मालकाला समजावता, तेव्हा स्वयंपाकघरातल्या सुनेलाही बाहेर बोलवा. तिची आई तिच्याशी कोणती भाषा बोलत होती हे सासऱ्याला माहीत असेलच असे नाही. बाहेर आलीच आहे, तर धर्माच्या प्रश्नाचे उत्तरही तिचे तिलाच देऊ द्या.

आपले,
काही निवृत्त प्राथमिक शिक्षक,
बेळगाव, खानापूर, निपाणी