आमच्या तालुक्यातील डॉक्टरबाईंना आभाराचे पत्र

आदरणीय डॉक्टरबाई,

सादर नमस्कार.

दवाखान्यात येऊन तोंडाने आभार मानायला लागलो असतो तर तुम्ही "बरं बरं, पुढच्या पेशंटला पाठव" म्हणून मला बाहेर काढले असते, हे पक्के ठाऊक असल्यामुळे हे लिहून कळवत आहे. पत्र उघडपणे लिहिण्याचे कारण एवढेच की, छोट्या गावांत जनरल प्रॅक्टिस करणाऱ्या इतर डॉक्टरांच्याही ते नजरेस पडावे. तुमचे आणि गावाचे नाव मुद्दाम टाळले आहे, कारण चौकश्या करायला येणाऱ्यांना तुमच्या ओपीडीचा वेळ मिळू नये.

जन्माच्या दाखल्यावर मुलगी अशी नोंद असलेला, लहानपणापासून तुमच्याकडेच गोवराला आणि काविळीला आलेला हा पेशंट, आपण पुरुष आहोत आणि टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनचे उपचार सुरू करायचे आहेत, असे सांगत तुमच्यासमोर बसला, तेव्हा त्याआधीच एका मोठ्या शहरातल्या मानसोपचारतज्ज्ञांनी "लग्न करून दिले की सगळे ठीक होईल" असा सल्ला आईला देऊन झाला होता. तुम्ही तसे काही म्हणाला नाहीत. "हे मला येत नाही. पण येत नाही म्हणून तुला परत पाठवणार नाही, मला वाचायला थोडे दिवस दे," असे म्हणालात. डॉक्टरांच्या तोंडून "मला येत नाही" हे वाक्य मी तोवर ऐकले नव्हते, आणि त्या वाक्यानेच मला तुमच्याविषयी सर्वांत जास्त खात्री वाटली.

पुढच्या भेटीला तुमच्या टेबलावर एंडोक्राइन सोसायटी या हार्मोनतज्ज्ञांच्या संघटनेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांची छापील प्रत होती आणि तिच्या समासात पेन्सिलीने खुणा होत्या. तुमच्या शिक्षणाच्या काळात हा विषय फक्त न्यायवैद्यकाच्या पुस्तकात, तोही विकृतींच्या यादीत, वाचायला मिळाला होता, असे तुम्ही सांगितलेत. आता जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 या आजारांच्या वर्गीकरणात तो मानसिक आजारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात घेतला आहे, आणि मद्रास उच्च न्यायालयाच्या 2021 मधील आदेशानंतर आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगालाही वैद्यकीय महाविद्यालयांना अशा अपमानकारक मजकुराबाबत सूचना द्यावी लागली, हेही तुम्हीच मला सांगितलेत. खरे तर ही माहिती मी तुम्हाला सांगायला घोकून आलो होतो.

तुम्ही स्वतः उपचार सुरू केले नाहीत, आणि ते योग्यच होते. तुमच्या ओळखीतून पुण्यातील दुसऱ्या मानसोपचारतज्ज्ञांकडे आणि मग हार्मोनतज्ज्ञांकडे मला पाठवताना तुम्ही जी चिठ्ठी दिलीत, तिच्यात माझी जुनी कावीळ, पाळीत होणारा अतिरक्तस्राव, घरातील रक्तदाबाचा इतिहास असे सगळे एका पानात होते. त्या चिठ्ठीमुळे पुण्यातल्या पहिल्या भेटीत मला माझे आयुष्य पहिल्यापासून सांगत बसावे लागले नाही. या उपचारांचे तज्ज्ञ मोठ्या शहरांतच असतात, आणि आमच्यासारख्यांना प्रत्येक इंजेक्शनासाठी एसटीने स्वारगेट गाठणे परवडत नाही. मात्रा तज्ज्ञांनी ठरवायची आणि इंजेक्शन, रक्तदाब, तपासण्या गावच्या डॉक्टरांनी सांभाळायच्या, ही वाटणी तुम्ही दोघांनी फोनवर ठरवलीत. माझे उपचार त्या फोनमुळे शक्य झाले, असे मी मानतो.

सुरुवातीच्या तपासण्यांत हिमोग्लोबिन कमी निघाले. टेस्टोस्टेरॉनने तांबड्या पेशी वाढतात, हे मी वाचले होते. त्यामुळे ती कमतरता आपोआप भरून निघेल, असा माझा युक्तिवाद होता. कमतरतेवर उपचार न करता वरून तिला झाकायचे नाही, असे सांगून तुम्ही आधी लोहाच्या गोळ्या सुरू केल्यात. मी रागावलो होतो, पण गोळ्या घेतल्या.

त्यानंतर आईला थोडा वेळ बाहेर बसायला सांगून तुम्ही माझ्याशी जे बोललात, ते बोलणे अनेकांच्या वाट्याला येत नाही, म्हणून इथे लिहितो. पुढे कधी स्वतःचे मूल हवे वाटले तर बीजांडे गोठवून ठेवण्याचा विचार उपचारांआधी करावा लागतो, त्याला खर्च किती येतो, आणि पाळी थांबली तरी गर्भ राहू शकतो, त्यामुळे टेस्टोस्टेरॉनला गर्भनिरोधक समजायचे नाही, हे तुम्ही सर्दीखोकल्याचे औषध सांगावे तितक्या सहज स्वरात सांगितलेत. निर्णय काय घेतला ते माझ्यापाशीच राहू द्या. पण तो माहिती असताना घेतला.

आईला आत बोलावल्यावर तिने विचारले की, हे सगळे परत फिरवता येते का. इथे गोड बोलून वेळ मारून नेणे सोपे होते. तुम्ही म्हणालात की, इंजेक्शने थांबवली तर पाळी परत येऊ शकते, स्नायू आणि चरबीची ठेवण पुन्हा बदलू शकते, पण आवाज एकदा फुटला की तो मागे जात नाही आणि दाढीमिशांचे केस आले की तेही राहतात. आई रडली. तरीही घरी येताना ती एवढेच म्हणाली की, बाईंनी काही लपवले नाही. त्यानंतर माझ्याशी बोलताना "आलास का" म्हणायला तिला काही महिने लागले, पण तुमच्याविषयी तिच्या मनात शंका उरली नाही.

पहिल्या इंजेक्शनाच्या दिवशी तुम्ही विचारलेत, "शेंगदाणे खाल्ल्यावर अंगावर गांधी उठतात का?" ज्या घरात कुटाशिवाय भाजी होत नाही, त्या घरातल्या मुलाला हा प्रश्न ऐकून हसू आले. मग तुम्ही दाखवलेत की, सस्टॅनॉन 250 या इंजेक्शनातील टेस्टोस्टेरॉनचे चारही प्रकार शेंगदाण्याच्या तेलात विरघळवलेले असतात, म्हणून शेंगदाण्याची ॲलर्जी असणाऱ्याला ते देता येत नाही. औषध तेलकट आणि घट्ट असल्यामुळे अँप्युल आधी तळहातात धरून कोमट करायचे, स्नायूत खोलवर आणि सावकाश द्यायचे, दर वेळी बाजू बदलायची, हे सगळे तुम्ही स्वतः केलेत. कंपाउंडर दादांचा हात जरा घाईचा आहे, हे त्यांना न दुखावता सांगण्याची तुमची हातोटी मी त्या दिवशी पाहिली.

व्यायामशाळेतल्या एका मित्राने मात्रा वाढवली की मिसरूड लवकर फुटेल, असे सांगितले होते. तुम्ही ते खोडून काढलेत. जादा टेस्टोस्टेरॉनचा काही भाग शरीर इस्ट्रोजेनमध्ये, म्हणजे स्त्री-हार्मोनमध्येच, बदलते आणि रक्त घट्ट होण्याचा धोका तेवढा वाढतो. दाढी पुरती भरायला काही वर्षे लागतात, हे माझ्या मनावर ठसवलेत. मुरुमे आली तेव्हा मात्र तुम्ही फारशी सहानुभूती दाखवली नाहीत. "वयात येतोयस, येणारच," एवढेच म्हणालात, आणि मलम लिहून दिलेत.

माझ्या मते तुमची सर्वांत मोठी मदत प्रयोगशाळेच्या कागदांबाबत झाली. उपचार सुरू झाल्यानंतरच्या अहवालात हिमोग्लोबिन आणि टेस्टोस्टेरॉनचे आकडे ठळक अक्षरांत, बाणासह "जास्त" म्हणून छापून आले आणि खाली तातडीने डॉक्टरांना भेटण्याची सूचना होती. फॉर्मवर लिंग "स्त्री" असल्यामुळे संगणकाने स्त्रियांच्या पातळ्यांशी तुलना केली होती. पुरुषांमध्ये टेस्टोस्टेरॉन साधारण 300 ते 1000 नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर असते आणि माझा आकडा त्याच्या मधोमध होता. म्हणजे उपचार नेमके हवे तसे चालले होते. तुम्ही लॅबवाल्यांना फोन करून समजावलेत, अहवालावर पुरुषांच्या पातळ्या पेनाने लिहून दिल्यात, आणि आपण खरोखर काय बघायचे तेही सांगितलेत: हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण, 54 टक्क्यांच्या वर जाता कामा नये, रक्त दोन इंजेक्शनांच्या मध्यावर तपासायचे, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी तपासायचे. हे कुणी समजावून सांगितले नसते तर तो बाण पाहून घरच्यांनी उपचार बंद करायला लावले असते.

कागदोपत्री माझे नाव बदलण्याच्या कितीतरी आधी तुम्ही केस पेपरवर माझे नाव लिहिलेत आणि जुना केस पेपर त्याला मागून टाचलात, म्हणजे जुन्या नोंदी हरवणार नाहीत. बाहेर भरलेल्या बाकांसमोर कंपाउंडर दादांनी त्याच नावाने हाक मारली. ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांच्या 2019 च्या कायद्याच्या कलम 15 मध्ये हार्मोन उपचारांची सोय करणे ही सरकारची जबाबदारी असल्याचे लिहिलेले आहे, पण ते लिहिलेले तालुक्यापर्यंत यायला वेळ लागणार, हे उघड आहे. तोवर आमची भिस्त तुमच्यासारख्या डॉक्टरांवरच आहे. तुम्ही फी नेहमीचीच घेतलीत, कमी नाही आणि जास्तही नाही, हे मला फार बरे वाटले. दया म्हणून उपचार झाले असते तर मी पुन्हा आलो नसतो.

हे वाचणाऱ्या डॉक्टरांनी तुमच्यासारखे सगळे वाचून काढावे, असा आग्रह नाही. पण दारात आलेल्या पेशंटला तज्ज्ञांच्या नावे एका पानाची नीट चिठ्ठी लिहून देणे आणि पुढच्या तपासण्यांसाठी आपल्या दवाखान्याचे दार उघडे ठेवणे, एवढे कोणालाही जमण्यासारखे आहे.

या वेळचे रक्ताचे अहवाल पत्रासोबत तुमच्याकडे वेगळे पाठवत आहे. पुण्याच्या डॉक्टरांनी आता टेस्टोस्टेरॉन अनडेकॅनोएट हे दहा ते बारा आठवड्यांनी घ्यायचे इंजेक्शन सुचवले आहे. ते महाग आहे, पण नोकरीच्या पाळ्या सांभाळून ते सोयीचे पडेल, असे मला वाटते. तुमचे मत ऐकल्याशिवाय बदल करणार नाही. येत्या गुरुवारी संध्याकाळच्या ओपीडीला आईसोबत येतो. तिलाही रक्तदाब दाखवायचा आहे.

आपला नम्र,
तुमचा एक जुना पेशंट