जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाचे मनापासून आभार

आमच्या दहा वर्षांच्या मुलाच्या पोटात रोज सकाळी शाळेच्या वेळेलाच दुखायचं. तपासण्यांत काही निघेना. अशात एका रात्री ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन लावला. पलीकडच्या ताईंनी मला आधी रडू दिलं, मग शांतपणे मराठीत सगळं विचारून घेतलं आणि जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जायला सांगितलं. ताई, तुमचं नाव विचारायचं राहून गेलं.

तिथल्या समुपदेशक मॅडम सरळ त्याच्याशेजारी सतरंजीवर बसल्या. खडू पुढे केले, प्रश्न एकही नाही. त्यानं शाळेचं फाटक काढलं, काळंकुट्ट. मॅडम एवढंच म्हणाल्या, “इथे आलं की पोटात काय होतं, दाखव बरं.” त्यानं पोटावर मूठ घट्ट आवळली. मला तेव्हा कळलं, दुखणं खरंच होतं, ढोंग नव्हतं.

त्यांनी आजींनाही बोलावून घेतलं, “लाडावलाय” हा शब्द घरातून कसा काढायचा ते समजावलं. धाकटीची चौकशी केली. तिच्याकडे तर आमचं लक्षच नव्हतं! वर्गशिक्षिकांशी बोलून सुरुवातीला दोनच तास शाळा, मग मधल्या सुट्टीपर्यंत, असं ठरवून दिलं. बाईंनीही ते मनापासून पाळलं. गर्दीत तो बावरला की मागच्या बाकावर बसवणारे शिपाईकाका, तुमचेही आभार.

आता तो पूर्ण वेळ शाळेत जातो. कधी दुखतं, तेव्हा स्वतःहून सांगतो.