काट्यावरची कालची तारीख

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

पहाटे साडेपाचच्या आत काट्यावर चढलेल्या कापसाच्या गाड्यांच्या पावतीवर आदल्या दिवसाची तारीख येते आणि नंतरच्या गाड्यांवर बरोबर येते, असं तू लिहिलंस. म्हणजे जिनिंगचा पोस्टग्रेस (नोंदी ठेवणारा डेटाबेस) यूटीसीत, म्हणजे ग्रिनिचच्या जागतिक वेळेत, चालतोय. आपली वेळ साडेपाच तासांनी पुढे, म्हणून तोवर 'करंट_डेट', म्हणजे पोस्टग्रेसची आजची तारीख, कालचीच निघते. भाव रोज बदलतो, तेव्हा यात शेतकऱ्याचा पैसा अडकलेला आहे. तरीही सेटिंग लगेच बदलू नको, बावा. आधी ते कुठून येतंय ते पाहा.

'शो टाइमझोन' ही कमांड फक्त किंमत दाखवते, ती कुठून आली ते नाही. 'पीजी_सेटिंग्ज' या सेटिंग्जच्या यादीतून सेटिंग, सोर्स आणि सोर्सफाइल हे तीन रकाने काढ. तिथे टाइमझोन लिहिताना टी आणि झेड मोठ्या लिपीत हवेत, नाहीतर एकही ओळ येत नाही. ही क्वेरी काट्याच्या प्रोग्रामच्याच कनेक्शनवरून चालव. पीएसक्यूएलमधून (पोस्टग्रेसच्या कमांड-खिडकीतून) वेगळं उत्तर येऊ शकतं.

सोर्स 'कॉन्फिगरेशन फाइल' असेल तर कारण बहुधा हे: 'इनिटडीबी' (डेटाबेस पहिल्यांदा उभा करणारी कमांड) चालताना मशीनचा जो टाइमझोन होता तोच पोस्टग्रेसने कॉन्फमध्ये, म्हणजे त्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये, लिहून ठेवला. भाड्याचे सर्व्हर आणि डॉकरचे कंटेनर बहुतेक यूटीसीतच असतात. नंतर लिनक्सच्या 'टाइमडेटसीटीएल' कमांडने मशीनचा टाइमझोन बदलला तरी ती ओळ तशीच राहते. 'डेटाबेस' किंवा 'यूजर' आलं तर कोणीतरी 'ऑल्टर' कमांडने झोन लावून ठेवलाय, 'पीजी_डीबी_रोल_सेटिंग' पाहा. 'क्लायंट' आलं तर सर्व्हरवर काहीही केलं तरी उपयोग नाही. काट्याचा प्रोग्राम जावात असेल तर जावाचा ड्रायव्हर (डेटाबेसशी जोडणारा भाग) जेव्हीएमचा, म्हणजे जावा चालवणाऱ्या यंत्रणेचा, झोन स्वतःच पाठवतो. तो जावाकडेच बदलावा लागतो.

बाकी ठिकाणी 'ऑल्टर डेटाबेस … सेट टाइमझोन' देऊन 'एशिया/कोलकाता' ठेव. एखाद्या यूजरवर वेगळा झोन लावलेला असेल तर तो वरचढ ठरतो, आधी तो काढ. 'आयएसटी' लिहू नको, पोस्टग्रेसच्या मूळ यादीत ते इस्रायलचं आहे. 'यूटीसी+5:30' तर मुळीच नको. पॉसिक्सच्या (युनिक्स-मानकाच्या) रीतीने तिथे अधिक म्हणजे ग्रिनिचच्या पश्चिमेला, आणि वेळ अकरा तासांनी चुकेल. बदल फक्त नव्या कनेक्शनला लागतो, म्हणून काट्याचा प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू कर.

आता जुन्या नोंदी, आणि खरं जोखमीचं काम हेच. वजनाच्या वेळेचा रकाना 'टाइमस्टँपटीझेड' (टाइमझोन धरणारा प्रकार) असेल तर आतली वेळ बरोबरच आहे, फक्त दाखवणं चुकत होतं. साधा 'टाइमस्टँप' असेल तर झोन कुठेच नोंदलेला नाही. अशा वेळी सेटिंग बदलण्याआधीच रकान्याचा प्रकार बदल: 'यूजिंग वजनवेळ ॲट टाइम झोन यूटीसी'. उशीर झाला तर यूटीसीच्या आणि आपल्या वेळेच्या ओळी एकाच रकान्यात मिसळतात, मग वेगळ्या करणं फार कठीण. या कामात पूर्ण टेबल लॉक होतं आणि नव्याने लिहिलं जातं, म्हणून रात्री काटा बंद झाल्यावर, 'पीजी_डंप'ने बॅकअप घेऊनच कर.

तारखेचा रकाना वेगळा असेल तर तो आपोआप सुधारणार नाही. वजनवेळेला 'ॲट टाइम झोन एशिया/कोलकाता' लावून निघणारी तारीख साठवलेल्या तारखेशी जुळत नाही अशा ओळी आधी नुसत्या काढ. त्यांची छापील यादी हिशेबनिसाला दे, फरकाची रक्कम ठरू दे, आणि मगच 'अपडेट' चालव.

तुझा मित्र