अभ्यासक्रम ठरवताना ग्रामसभांना विचारा

संपादक महोदय,

नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यात पदवी अभ्यासक्रमांची फेररचना सुरू असून भारतीय ज्ञान प्रणाली आणि क्षेत्रीय प्रकल्प यांना त्यात श्रेयांकांसह स्थान मिळाले आहे. गडचिरोली, नंदुरबार, मेळघाट येथील महाविद्यालयांत या विषयांत काय शिकवायचे, हे ठरवताना तेथील माडिया, गोंड, भिल्ल, कोरकू समाजांचे म्हणणे नियमाने विचारात घेतले जावे, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगलाचा वापर आणि व्यवस्थापन गावाने मिळून करण्याचा कायदेशीर हक्क, मिळाला आणि 2011 पासून ग्रामसभा स्वतः बांबू विकू लागली. त्यामागे गावाच्या अभ्यासगटाची अनेक वर्षांची मेहनत होती. गावकरी बाहेरच्या जाणकारांबरोबर बसून कायदा, जंगल, हिशेब समजून घेत आणि निर्णय मात्र ग्रामसभेत सर्वसहमतीने होत. बांबूतोडीचे नियोजन, तेंदूपत्त्याचा लिलाव, वाहतूक परवाना, मजुरीवाटप हा सारा वनशास्त्राचा, वाणिज्याचा आणि लोकप्रशासनाचाच भाग आहे. या जिल्ह्यातून वाणिज्याची पदवी घेणाऱ्या मुलीला तेंदूपत्त्याचा करारनामा वाचता येत नसेल, तर दोष तिचा नव्हे.

विद्यापीठात अभ्यासक्रम ठरवणाऱ्या अभ्यासमंडळांवर उद्योगक्षेत्रातील तज्ज्ञ घेतले जातात. तसेच ग्रामसभांनी निवडलेले प्रतिनिधी पदवीची अट न घालता घ्यावेत, इतर तज्ज्ञांइतकेच मानधन त्यांना द्यावे आणि मसुदा मंजुरीपूर्वी गावात, गावाच्या भाषेत वाचून दाखवावा. बैठका मोहफुलांच्या किंवा तेंदूपत्त्याच्या हंगामात ठेवू नयेत, कारण त्या काही आठवड्यांच्या कमाईवर अनेक घरांचा वर्षाचा खर्च अवलंबून असतो. ही बाब किरकोळ वाटेल, पण सहभाग खरा की कागदोपत्री, हे अशाच गोष्टींवरून ठरते.

संमतीचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. 2006 च्या वनहक्क कायद्याने जैवविविधतेशी निगडित पारंपरिक ज्ञानावर समाजाचा सामूहिक बौद्धिक संपदा हक्क मान्य केला आहे. त्यामुळे वैदूंचे वनौषधींचे ज्ञान पाठ्यपुस्तकात किंवा प्रयोगशाळेत नेण्यापूर्वी संबंधित ग्रामसभेचा लेखी ठराव असला पाहिजे आणि एखाद्या ग्रामसभेने नकार दिल्यास तो भाग विद्यापीठाने वगळला पाहिजे.

— एक निवृत्त प्राध्यापक, चंद्रपूर